क्लिअर मारल्यावर पेपर कधी मारायचा, बफिंग कधी करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची गाड्या रंगवायची शेड चिपळुणात आहे. रंगावर शेवटी मारतात तो पारदर्शक थर म्हणजे क्लिअर. तो वॉटर पेपरनं घासून सपाट करणं म्हणजे पेपर मारणं, आणि मग मशीनच्या पॅडनं चमकवणं म्हणजे बफिंग. त्याआधी आठ वर्षं सोलापुरात हेच काम केलं. दोन्ही गावांत डबा तोच, स्प्रे गन तीच, हातही तेच. पण सोलापुरात मे महिन्यात दुसऱ्या दिवशी बफिंगला घेतलेलं पॅनेल इथे जुलैत चौथ्या दिवशीही नखाखाली दबतं. खालचे प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारलेले आहेत, नव्यानं गन हातात घेतलेल्या पोरांनी विचारलेले आहेत, आणि अंगणात बाइकची टाकी रंगवून झाल्यावर मग फोटो पाठवणाऱ्यांनीही.

आधी आकडा सांगा. किती तास थांबायचं?

टू-के, म्हणजे हार्डनर हा घट्ट करणारा दुसरा माल मिसळून मारलेलं क्लिअर बूथमध्ये, म्हणजे तापवता येणाऱ्या बंद खोलीत, ६० अंशांवर ३० मिनिटं भाजलं असेल, तर पॅनेल पूर्ण गार झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर मारता येतो. इथे ६० अंश म्हणजे पत्र्याचं तापमान, बूथच्या हवेचं नाही. हवा तापली तरी पत्रा तापायला वेळ लागतो, तो त्या ३० मिनिटांत धरायचा नसतो.

बूथ नसेल आणि हवा २५-३० अंशांची, कोरडी असेल, तर कमीत कमी २४ तास. आम्ही ३६ ते ४८ धरतो. पावसाळ्यात कमीत कमी तीन-चार दिवस. दुकानातून आणलेल्या साध्या स्प्रे कॅनचं क्लिअर असेल तर दोन आठवडे.

मात्र या आकड्यांच्या आधी तुमच्या डब्याची टेक्निकल शीट वाचा. बहुतेक कंपन्यांच्या शीटवर 'पॉलिशिंग' किंवा 'पॉलिशेबल' अशी एक ओळ असते, तिच्यात तास आणि तापमान दोन्ही दिलेले असतात. बहुतेक वेळा ते २० अंशांच्या हवेसाठी असतात. डीलरकडे मागितली की मिळते. आपल्याकडे ती मागायची पद्धत नाही, हा भाग वेगळा.

क्लिअर तासाभरातच हाताला कोरडं लागतं. मग आणखी थांबायचं कशाला?

घराचा स्लॅब पडलेला पाहिलाय ना? दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चालता येतं, पण सेंटरिंग कुणी काढत नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, आत रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणून तर आपण त्याच्यावर पाणी मारतो.

टू-के क्लिअरमध्ये दोन गोष्टी एकदम चाललेल्या असतात. एक, थिनर उडून जातो. दोन, क्लिअरमधलं रेझिन आणि हार्डनरमधलं आयसोसायनेट एकमेकांना धरतात आणि त्यांची जाळी विणली जाते. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो. त्याच्याखाली थिनर अडकलेला असतो आणि तो बारीक-बारीक करत बाहेर येत राहतो. बोटाला कोरडं लागतं ते फक्त वरचं. भाजलेलं क्लिअर काही तासांत बऱ्यापैकी पक्कं होतं, हवेवर वाळलेल्याला पूर्ण पक्कं व्हायला महिनाभर लागू शकतो. पेपर मारायला पूर्ण पक्कं होण्याची वाट बघायची नसते. 'पुरेसं' पक्कं झालं की पुरे. हे 'पुरेसं' ओळखणं म्हणजेच सगळं कसब.

ते ओळखायचं कसं?

घड्याळ बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी करा.

पहिलं, नख. दाराची आतली कड, बोनेटचा खालचा काठ, टाकीची सीटखाली जाणारी बाजू, अशी कुणाच्या नजरेला न पडणारी जागा निवडा. अंगठ्याचं नख आडवं टेकवून हलकेच दाबा. ओरखडायचं नाही, नुसतं दाबायचं. चंद्रकोरीसारखी खूण राहिली आणि पाच मिनिटांनी पाहिली तरी तिथेच असेल, तर आज काम नाही.

दुसरं, वास. पॅनेलला नाक लावा. थिनरचा गोडसर, डोक्यात जाणारा वास अजून येत असेल तर आतला माल बाहेर यायचा बाकी आहे. हे थंड पॅनेलवर नीट कळत नाही. दुपारी शेड तापली की येणारा वास खरा.

तिसरं सगळ्यांत भरवशाचं: पेपरच विचारा. लपलेल्या जागी पी २००० नंबरच्या बारीक पेपरच्या कोरड्या तुकड्यानं चार-पाच वेळा हलकं घासा आणि पेपर उलटा करून बघा. पिठासारखी पांढरी पूड पडली आणि पेपर झटकल्यावर स्वच्छ झाला, तर तयार आहे. पेपरवर चिकट, मेणासारख्या गोळ्या धरल्या असतील तर क्लिअर कच्चं आहे. त्याच गोळ्या पुढे पॅनेलवर फिरतात आणि खोल चरे पाडतात, मग ते चरे काढता-काढता क्लिअरच संपतं.

कच्च्यावरच बफिंग केलं तर काय होतं? शायनिंग तर लगेच येते.

येते, आणि तीच फसवते.

चिपळुणात आल्यावरचा पहिला पावसाळा होता. एक काळी बुलेटची टाकी आली होती, गिऱ्हाइकाला लडाखला जायचं होतं. मी सोलापूरच्या हिशेबानं दीड दिवसात पेपर मारला, लगेच लोकरी पॅड फिरवला, टाकी आरशासारखी झाली. त्यात तोंड बघून गिऱ्हाईक खूश, मीही खूश. तीन आठवड्यांनी तोच माणूस टाकी घेऊन परत आला. मी मारलेल्या पेपरच्या रेषा उन्हात एकूण एक दिसत होत्या, जणू मी बफिंग केलंच नव्हतं. आणि चकाकीवर दूध सांडल्यासारखा मंदपणा आला होता.

झालं होतं ते असं. आत थिनर होता म्हणून क्लिअर मऊ आणि फुगलेलं होतं. बफिंगच्या उष्णतेनं मऊ माल रेषांवर पसरला, रेषा भरल्यासारख्या दिसल्या. पुढे थिनर उडाला, थर आकसला, खाली बसला आणि दडलेल्या रेषा वर आल्या. इतकंच नाही, प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर, मारलेल्या जाड पेपरच्या खुणाही कधी-कधी अशाच उमटतात. इंग्रजी शीटवर याला डाय-बॅक म्हणतात, आमच्याकडे 'रंग बसला' म्हणतात. ती टाकी मी महिनाभर ठेवून घेतली आणि फुकटात पुन्हा करून दिली. तो लडाखला जाऊन आला होता म्हणून बरं.

एक सावधगिरी: रेषा परत दिसल्या म्हणजे दर वेळी रंगच बसला असं नाही. बफिंगला लावायच्या काही स्वस्त कॉम्पाउंडमध्ये तेलकट, भरणारा माल असतो. तो रेषा झाकतो आणि दोन वेळा गाडी धुतली की निघून जातो. रंग बसायला दिवस-आठवडे लागतात, हा प्रकार दोन धुण्यांत उघडा पडतो. बफिंगनंतर कोपरा शाम्पूच्या पाण्यानं धुऊन पाहिला की कळतं.

मग महिनाभर थांबलं तर सगळ्यांत चांगलं, नाही का?

नाही. महिन्यानंतर क्लिअर इतकं कडक होतं की पी १५०० च्या रेषा काढायला दुप्पट वेळ जातो. पॅड जास्त फिरतो, उष्णता वाढते, आणि उष्णतेनं कडा जळतात. चांगल्या टू-के क्लिअरच्या बाबतीत पुरेसं पक्कं झाल्यापासून पुढचे दोन ते सात दिवस हा सोन्याचा काळ. भाजलेल्या क्लिअरचा हा काळ आणखी आखूड असतो. दुसऱ्या दिवशी जे लोण्यासारखं कापतं ते आठवड्यानं काचेसारखं लागतं.

आमची स्वतःची रीत अशी: पेपर लवकर, बफ उशिरा. पूड पडायला लागली की पी १५०० आणि पी २००० मारून घेतो. वरचा बंद पापुद्रा उघडला की आत उरलेला थिनर सहज बाहेर पडतो. मग गाडी तशीच धुरकट अवस्थेत दोन दिवस ठेवतो आणि त्यानंतर बारीक पेपर आणि मशीन. ते दोन दिवस गिऱ्हाईक शेडवर आलं की त्याचा चेहरा पडतो, कारण गाडी अगदी राखेत लोळल्यासारखी दिसते. त्याला चहा पाजायचा.

आमचे उस्ताद म्हणायचे, पंधरा दिवस हात लावायचा नाही. ते चूक होते का?

त्यांच्या रंगापुरते बरोबर होते. जुनी माणसं स्प्रेच्या रंगकामाला अजून 'ड्युको' म्हणतात. ड्युको हा ड्यूपाँट कंपनीचा नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांवर तो आला आणि ब्रशनं रंगवून आठवडे वाळवत बसण्याचा जमाना संपला. त्यात हार्डनर नव्हता. नुसता थिनर उडून तो घट्ट व्हायचा, म्हणून आकसत राहायचा आणि गनमधून मंदच यायचा. घोटल्याशिवाय चमकायचा नाही. त्या मालाला थांबणं भागच होतं. आजचं टू-के क्लिअर गनमधूनच चमकत येतं आणि जाळी विणून पक्कं होतं. साध्या स्प्रे कॅनला मात्र उस्तादांचा नियम आजही लागू आहे.

उन्हात गाडी लावली तर लवकर वाळेल?

वाळेल, पण आधी सावलीत. ताज्या क्लिअरवर थेट ऊन पडलं की वरचा पापुद्रा झटकन बंद होतो आणि खालचा थिनर बुडबुड्यांनी फुटून बाहेर येतो. टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. ती पेपरनं जात नाहीत, कारण ती वरून आत नाही तर आतून वर आलेली असतात. घासत जावं तशी नवीन उघडतात.

धूळ चिकटायची थांबेपर्यंत सावली, त्यानंतर आणखी तासभर सावली, मग सकाळचं ऊन चालतं. मे महिन्यात काळं बोनेट भर उन्हात ७० अंशांपर्यंत जातं, म्हणजे बूथपेक्षाही गरम. आणि उन्हात लावायची तर झाडाखाली नको. कच्च्या क्लिअरवर आंब्याचा चीक किंवा कावळ्याची शिट पडून तासभर राहिली तर डाग आत उतरतो.

पावसाळ्यात काम घ्यावं की नाही?

घ्यावं लागतंच, गणपतीच्या आधी सगळ्यांना गाडी चकाचक हवी असते. पण आयसोसायनेट पाण्याशीही जुळतं. हवेत दमटपणा जास्त असला की काही हार्डनर रेझिनऐवजी हवेतल्या पाण्याला धरतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, बुडबुडे येतात, थर मऊ राहतो. थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर दव धरलं तर क्लिअर दुधाळ होतं.

आम्ही पावसात अकरा ते तीनच्या दरम्यानच क्लिअर मारतो, संध्याकाळी कधीच नाही. दोन कोटांमधला थांबा पाच-दहा मिनिटांवरून पंधरा करतो. हार्डनरचा डबा उघडला की लगेच घट्ट झाकायचा. अर्धा उरलेला, महिनाभर पडलेला हार्डनर गढूळ दिसला किंवा तळाशी खडे दिसले तर तो फेकून द्यायचा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन आख्खं बोनेट पुन्हा करण्यात शहाणपण नाही.

थंडीत?

निफाडच्या बाजूला डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. तेवढ्या गारठ्यात टू-केची क्रिया जवळजवळ थांबते. ढोबळ हिशेब असा: तापमान दहा अंशांनी उतरलं की लागणारा वेळ दुप्पट होतो. रात्रीचे बारा तास मोजणीतून सरळ वगळा.

वाळायला घाई आहे म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला तर?

नको. दोनास एक म्हटलं असेल तर दोनास एक, चारास एक म्हटलं असेल तर चारास एक, तेही मापाच्या कपानं. जास्त हार्डनरला जोडीदार मिळत नाही. तो हवेतल्या दमटपणाची वाट बघत मऊ बसून राहतो आणि पुढे थर ठिसूळ होतो. घाई असेल तर त्याच कंपनीचा 'फास्ट' हार्डनर घ्या.

पेपर मारायचा ठरवलंच आहे तर क्लिअरचे किती कोट?

तीन. गनच्या दोन नीट कोटांत वाळल्यावर साधारण ४५ ते ६० मायक्रॉन क्लिअर बसतं. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. सपाट घासून बफ करण्यात आमच्या मीटरवर १० ते १५ मायक्रॉन जातात, हात जड असेल तर जास्त. उरलेला थर पुढची वर्षं ऊन झेलणार असतो. तो फार पातळ राहिला की दोन-तीन उन्हाळ्यांत छतावर आणि बोनेटवर पापुद्रे सुटायला लागतात. आता गिऱ्हाइकाला दिसत नाही, तेव्हा दिसतं. पाच-सहा कोटही नकोत, आतला थिनर अडकून पुन्हा डाय-बॅकचं दुखणं.

जाडी मोजायचा मीटर आता परवडण्याजोगा मिळतो. तो पत्र्यावर आणि अॅल्युमिनियमवर चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर साधा मीटर काही दाखवत नाही. आणि तो सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो, नुसत्या क्लिअरची नाही. म्हणून घासण्याआधी आणि नंतर एकाच जागी मोजा. फरक म्हणजे तुम्ही काढलेलं क्लिअर.

कोणत्या नंबरचा पेपर?

पॅनेलवर दाणा, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा पोत, किती आहे ते बघा. 'पी' मालिकेत नंबर वाढतो तसा पेपरवरचा घासणारा कण बारीक होतो: पी १५०० चा कण सरासरी १२.६ मायक्रॉन, पी २००० चा १०.३, पी २५०० चा ८.४. प्रत्येक पुढचा पेपर आधीच्याच्या रेषा पुसण्यासाठी असतो, दाणे काढण्यासाठी नाही. दाणे पहिल्याच पेपरनं काढायचे. दाणा हलका असेल तर पी २००० पासूनच सुरुवात करा. जोरदार असेल तर पी १५००. पी १००० ला हात लावायचा तो फक्त ओघळासाठी.

पेपरच्या मागे नंबराआधी 'पी' छापलेला आहे का ते बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काही वॉटर पेपर वेगळ्या मापाचा असतो. अंक सारखा, कण वेगळा.

पेपर अर्धा तास पाण्यात भिजू द्या. बादलीत भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळा, कारण बोटांनी धरला तर बोटांच्या रुंदीच्या नाल्या पडतात आणि त्या काळ्या रंगावर ट्यूबलाइटखाली पन्हाळ्यासारख्या दिसतात. पहिला पेपर आडवा, दुसरा उभा. मग पहिल्याच्या रेषा उरल्या की नाही ते उघड दिसतं. दर दहा-पंधरा फेऱ्यांनी रबरी वायपरनं पाणी ओढा आणि बघा. ओलं पॅनेल नेहमी छान दिसतं, निकाल कोरड्यावर घ्यायचा. खळगे चकचकीत ठिपक्यांसारखे दिसतात आणि घासलेला भाग मंद. ठिपके संपत आले की थांबा. शेवटचे दोन-चार राहू द्या. ते काढायच्या नादात माणूस बेसपर्यंत, म्हणजे क्लिअरखालच्या रंगाच्या थरापर्यंत, पोचतो.

कडा, बॉडी लाइन, दाराच्या हँडलभोवतीची घडी यांवर सुरुवातीलाच मास्किंग टेप लावा. गन कितीही चांगली मारली तरी धारेवर क्लिअर पातळच बसतं. टेप मशीनच्या शेवटच्या फेरीत काढा आणि कडेवर हातानं फडका फिरवा.

घासताना पांढरं पाणी येत होतं, आता त्यात लाल रंग दिसतोय.

थांबा. आत्ताच्या आत्ता. क्लिअरची पूड पांढरी असते, रंग दिसला म्हणजे क्लिअर संपून बेस कोट लागला. आता पॉलिशनं काहीही होणार नाही. पूर्ण पॅनेल पी ८०० नं मंद करून, लागलेल्या जागी बेस मारून आजूबाजूला मिसळवून, परत क्लिअर मारावं लागेल. नुसत्या ठिपक्यावर क्लिअर मारलं तर त्याची कड दिसते.

गाडीवर क्लिअर नसलेला सिंगल-स्टेज रंग असेल तर रंगीत पाणी पहिल्या फेरीपासूनच येतं. ते चूक नव्हे. म्हणून आधी कोपऱ्यात घासून कुठला रंग आहे ते ठरवायचं.

क्लिअरचा ओघळ आलाय. दुसऱ्या दिवशी काढू?

ओघळाच्या पोटात थर आजूबाजूच्या तीन-चार पट जाड असतो, त्यामुळे तो बाहेरून कडक आणि आतून जेलीसारखा राहतो. बाकी पॅनेल तयार झालं तरी ओघळाला आणखी दोन-तीन दिवस द्या. लवकर घासला तर तो पेपरखाली सरकतो आणि फाटून खड्डा पडतो.

काढायची एक जुनी युक्ती: ओघळावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पुट्टी ओढायची. ती वाळली की छोट्या कडक ब्लॉकवर पी १००० घेऊन घासायचं. पुट्टी शेजारच्या क्लिअरला झाकून ठेवते आणि पेपर आधी उंचवट्यालाच लागतो. पुट्टी संपली की ओघळही संपलेला असतो. मग पी १५०० पासून नेहमीसारखं.

ओल्या क्लिअरमध्ये चिलट बसलं. काढू का?

पहिल्या कोटात बसलं असेल आणि गन अजून हातात असेल, तर सुईच्या टोकानं उचला, पुढचा कोट खूण भरून काढतो. शेवटच्या कोटात बसलं तर हात मागे घ्या. ते बिचारं मेलेलंच आहे, पळून जाणार नाही. पक्कं झाल्यावर पी २००० चा नाण्याएवढा तुकडा घेऊन तेवढीच जागा घासली की पाय-पंख निघतात. ओल्यात बोट घातलं की चिलटाएवढ्या डागाचा रुपयाएवढा डाग होतो.

मशीनचा वेग किती? रंग जळण्याची भीती वाटते.

रोटरी मशीन १००० ते १५०० आरपीएमच्या आसपास, पहिल्यांदा लोकरी पॅड आणि कटिंग कॉम्पाउंड, नंतर स्पंजचा पॅड आणि बारीक पॉलिश. नवशिक्यानं ड्युअल अॅक्शन मशीन घ्यावं, त्यात पॅड फिरता-फिरता डोलतोही. वेळ जास्त लागतो पण जळायची शक्यता कमी. पॅड एका जागी थांबू द्यायचा नाही, कोरडा फिरवायचा नाही. मधूनमधून हाताची मागची बाजू पॅनेलवर टेकवा. तीन सेकंद ठेववत नसेल तर दुसऱ्या पॅनेलकडे वळा. भर उन्हात बफिंग करणाऱ्यांना मी काय सांगू?

काळ्या गाडीवर लोकरी पॅडच्या गोल-गोल खुणा उन्हात दिसतात. त्या जळल्याच्या नाहीत, स्पंजची शेवटची फेरी उरकल्याच्या आहेत.

घरी स्प्रे कॅननं टाकी रंगवली. दोन दिवस झाले, बफ करू?

आधी कॅन कुठला ते बघा. तळाशी बटण दाबून आत हार्डनर सोडायचा असेल तर ते टू-के, वरचे सगळे नियम लागू. बटण नसेल तर ते वन-के, त्यात फक्त थिनर उडतो. दोन आठवडे थांबा, आणि पी २००० पेक्षा जाड पेपर नको. थर मुळातच पातळ असतो. वन-केवर पेट्रोलचा थेंब सांडला की तो मऊ होऊन सुरकुततो, आज किंवा वर्षानंतरही. टाकीसाठी वन-के वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंपरला वेगळा नियम आहे का?

प्लास्टिक उष्णता धरून पसरवत नाही, त्यामुळे बूथमध्येही ते पत्र्यामागे राहतं. बंपरसाठी फ्लेक्स हा माल घातलेलं क्लिअर तर मुद्दामच लवचीक असतं. एक दिवस जास्त द्या आणि मशीन हलकं चालवा, बंपरच्या कडा सगळ्यांत आधी जळतात.

पेपर मारतानाही मास्क लागतो का?

फवारताना तर लागतोच. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे नुसत्या वासानंही उठतो. फवारणीला बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क सगळ्यांत चांगला. तो जमत नसेल तर निदान चांगला कार्ट्रिजचा, वेळेवर कार्ट्रिज बदलून. अर्धवट पक्क्या क्लिअरच्या धुळीतही न जुळलेलं आयसोसायनेट असतं, म्हणून कोरडा पेपर मारताना धुळीचा मास्क आणि हातमोजे हवेत. ओला पेपर यासाठीही बरा.

बफिंग झालं. आता वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म)?

हवेवर वाळलेल्या रंगाला साधारण ३० दिवस. वॅक्स, सिरॅमिक किंवा फिल्म लावली की उरलेल्या थिनरची वाट बंद होते. पहिला आठवडा नुसत्या पाण्यानं धुवायचं, ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग नको. कव्हरही नको, विशेषतः पावसात. आत दमटपणा कोंडून कापडाचं विणकाम रंगावर उमटलेलं मी पाहिलंय.

आणि दसरा. ताज्या बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढू नका. हळद उन्हानं उडते, कुंकवाचा डाग मात्र कच्च्या क्लिअरमध्ये मुरतो. पूजा काचेवर करा, हार वायपरला बांधा, सेलोटेप रंगाला लावू नका. हे सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या, "बाळा, देवाला बोनेट काय नि काच काय." तेव्हापासून मी गाडी देताना हे वाक्यच सांगतो.

बफिंग केलंच पाहिजे का?

नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या दारावरही दाणा असतोच. नवी गाडी ट्यूबलाइटखाली उभी करा, ट्यूबची कड किंचित थरथरलेली दिसेल. एकच दार रंगवलं असेल आणि ते घासून आरसा केलं, तर शेजारचा फेंडर त्याच्यापुढे खडबडीत दिसतो आणि दार रंगवलंय हे शंभर फुटांवरून कळतं. अशा वेळी आम्ही फक्त धुळीचे कण काढतो, तेवढ्याच जागा पी २५०० आणि पॉलिशनं नीट करतो, आणि फेंडरच्या दाण्याला जुळणारा दाणा दारावर तसाच ठेवतो.